पेटी, स्वरलिपी आणि पडद्यावरचे वाद्य : कोलकात्यातील वाद्यशिक्षणाच्या इतिहासातून एक विचार

१

नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत ‘गिटार हीरो’ नावाचा एक व्हिडिओ खेळ विक्रीस आला. त्याच्या खोक्यात चकतीबरोबर प्लॅस्टिकची एक लहान गिटार दिलेली असे. ह्या गिटारीला तारा नव्हत्या. तारा दाबण्याच्या जागी हिरवा, तांबडा, पिवळा, निळा आणि नारिंगी असे पाच खटके होते. तारा छेडण्याच्या जागी खालीवर हलणारी एक पट्टी होती. दूरदर्शन संचाच्या पडद्यावर रंगीत ठिपक्यांची रांग वरून खाली सरकत येई. ठिपका ठराविक रेषेवर पोहोचण्याच्या क्षणी त्या रंगाचा खटका दाबून पट्टी हलविली, की गाण्यातील गिटारीचा तो तुकडा ऐकू येई. क्षण चुकला तर गाणे चालू राही, गिटार मात्र मुकी होई.

वाद्यवादनावर आधारलेल्या तालखेळांचा हा सर्वांत गाजलेला नमुना. त्याच्याविषयी पाश्चात्त्य देशांत जो वाद झाला त्याचे सार एका प्रश्नात सांगता येते : हे खेळणारा माणूस वाद्य वाजवितो काय? प्रश्न नव्या यंत्राबद्दल विचारला गेला, तरी त्याचे घटक जुने आहेत. संगीताचे ‘कोणते बोट कोठे’ आणि ‘केव्हा’ अशा दोन सूचनांत विघटन करणे, त्या सूचना डोळ्यांना दिसतील अशा मांडणे आणि गुरूच्या अनुपस्थितीत एखाद्याला वाद्यापुढे बसविणे, ह्या तिन्ही गोष्टी भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडू लागल्या. त्यांचे एक प्रमुख केंद्र कोलकाता होते. ह्या शहरातील स्वरलिपी आणि बाजाची पेटी ह्यांचा इतिहास तालखेळांच्या शेजारी ठेवून पाहिला, तर वरील प्रश्नाचे उत्तर अधिक नेमके देता येते. महाराष्ट्राचा त्या इतिहासाशी आलेला संबंधही त्यातून उजळतो.

२

बंगालमध्ये वाद्यसंगीत कागदावर उतरविण्याची निकड प्रथम रंगभूमीमुळे निर्माण झाली. १८५८ साली पाइकपाड्याच्या राजांच्या बेलगाछिया नाट्यशाळेत ‘रत्नावली’ नाटकाचा प्रयोग झाला. त्यासाठी विष्णुपूर परंपरेतील गायक-वादक क्षेत्रमोहन गोस्वामी ह्यांनी देशी वाद्यांचा वृंद उभा केला. एकटा सतारिया आपल्या स्मरणातून गत वाजवू शकतो. परंतु अनेकांनी एकच गत एकाच क्षणी उचलावयाची, तर प्रत्येकाजवळ सामाईक असे काही लिखित हवे. गोस्वामींनी पुढे जी लेखनपद्धती प्रचारात आणली ती ‘दंडमात्रिक’ म्हणून ओळखली जाते. तीत स्वराच्या अक्षरावर उभी दंडरेषा काढून मात्रा दाखवीत. १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘संगीतसार’ ह्या त्यांच्या ग्रंथाने ह्या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली.

गोस्वामींचे शिष्य आणि आश्रयदाते पाथुरियाघाटा घराण्यातील सौरींद्रमोहन ठाकूर (१८४०–१९१४) ह्यांनी १८७१ मध्ये बंगाल म्युझिक स्कूल स्थापन केले. सतारीच्या शिक्षणासाठी ‘यंत्रक्षेत्रदीपिका’ (१८७२) आणि हार्मोनियमसाठी ‘हार्मोनियमसूत्र’ (१८७४) ही त्यांची पुस्तके शाळेच्या गरजेतून आली. शाळा म्हटली की वर्ग आला, वेळापत्रक आले, परीक्षा आली. एका गुरूच्या घरी राहून दहा वर्षे ऐकत शिकणाऱ्या शिष्याऐवजी आता ठरलेल्या तासाला येणारे दहा-वीस विद्यार्थी समोर होते. त्यांना देता येईल असे, मोजता येईल असे आणि तपासता येईल असे संगीत हवे होते.

ह्याच सुमारास लिपीचा वाद पेटला. १८७४ मध्ये बंगालच्या शिक्षण खात्यातील अधिकारी चार्ल्स बॅरन क्लार्क ह्यांनी ‘कलकत्ता रिव्ह्यू’मधून देशी स्वरलिपीवर टीका केली आणि युरोपीय रेषालिपीचा पुरस्कार केला. सौरींद्रमोहनांनी त्याच वर्षी त्याला उत्तर दिले. पुढे कृष्णधन बंद्योपाध्याय ह्यांनी ‘गीतसूत्रसार’ (१८८५) ह्या ग्रंथातून रेषालिपीची बाजू बंगालीत मांडली. ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर ह्यांनी प्रचारात आणलेली ‘आकारमात्रिक’ पद्धती अखेर बंगालमध्ये स्थिरावली. स्वराक्षराला जोडलेला ‘आ’चा काना म्हणजे एक मात्रा, हे तिचे सूत्र. त्यांची ‘स्वरलिपि-गीतिमाला’ १८९७ मध्ये निघाली आणि पुढे रवींद्रसंगीताच्या ‘स्वरवितान’ मालेनेही हीच पद्धती स्वीकारली.

वाद कोणत्याही बाजूने पाहिला तरी एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य होती : काळाचे समान घरांत विभाजन करून त्या घरांत स्वर बसविता येतात. मींड, आंदोलन, कण ह्यांच्यासाठी चिन्हे योजिली गेली. परंतु चिन्ह पाहून मींड घेता येत नाही, हेही सर्वांना ठाऊक होते. लिपीची मर्यादा ही गुरूची जागा होती.

३

ह्याच काळात शहरातील वाद्यांचा बाजार बदलत होता. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ ह्यांनी १८४० च्या सुमारास सिद्ध केलेले हार्मोनियम पाद्री आणि व्यापाऱ्यांबरोबर भारतात आले होते. ते खुर्चीवर बसून, दोन्ही पायांनी भाता चालवून वाजवावयाचे वाद्य होते. कोलकात्यात १८७५ मध्ये ‘द्वारकिन अँड सन’ ही पेढी काढणाऱ्या द्वारकानाथ घोष ह्यांनी १८८४ च्या सुमारास त्याचे हातपेटीत रूपांतर केले. भाता मागच्या बाजूला आला, डाव्या हाताने तो हलवावयाचा आणि उजव्या हाताने पट्ट्या दाबावयाच्या. वाद्य जमिनीवर उतरले, बैठकीत सामावले, बैलगाडीत आणि आगगाडीत मावू लागले.

पेटीची लोकप्रियता केवळ किंमत आणि आकारमान ह्यांमुळे वाढली, असे मानणे अपुरे ठरेल. सारंगी किंवा बेला हाती घेणाऱ्याला पहिला सूर लागेपर्यंत महिने जातात. पेटीची पट्टी दाबली की सूर तयारच असतो. ज्या कानाला अजून स्वरज्ञान नाही, त्यालाही ती निराश करीत नाही. ह्या गुणामुळे स्वयंशिक्षणाच्या पुस्तकांना पेटीचा मोठा आधार मिळाला. बालसाहित्यकार, मुद्रणतज्ज्ञ आणि स्वतः उत्तम बेलावादक असलेल्या उपेंद्रकिशोर रायचौधुरी ह्यांचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेले पेटीवरील पुस्तक शीर्षकातच ‘शिक्षकाविना’ शिक्षणाची ग्वाही देते. ‘द्वारकिन’ हे पेढीचे नाव सुचविणारेही तेच. पुस्तक लिहिणारा आणि पेटी विकणारा ह्यांचे असे सान्निध्य सूचक आहे. वाद्य, त्याची लिपी आणि घरबसल्या शिकण्याचे आश्वासन ह्या तीन वस्तू एकाच बाजारात, एकाच ग्राहकासाठी तयार होत होत्या.

महाराष्ट्रात ही पेटी किती खोल रुजली, ह्याची साक्ष भाषाच देते. ‘हार्मोनियम’ हा शब्द मराठी बैठकीत क्वचितच ऐकू येतो. ‘पेटी’ म्हटले की पुरते. गायकाचा षड्ज कोणता हे सांगताना आजही ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असे म्हटले जाते. मानवी कंठाचा पल्ला यंत्राच्या पट्टीवरून ओळखण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यातील नवलही कोणाला जाणवत नाही.

४

कोलकात्यातील ह्या घडामोडींकडे महाराष्ट्राचे लक्ष होते. पुण्यात १८७४ पासून गायन समाज काम करीत होता. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांनी १९०७ मध्ये पूर्वेकडचा जो अभ्यासप्रवास केला त्यात ते कोलकात्यास गेले आणि वृद्ध सौरींद्रमोहनांना भेटले. त्या वेळी सौरींद्रमोहनांच्या शाळेला छत्तीस वर्षे झाली होती, तर भातखंड्यांचे मुख्य ग्रंथ अजून प्रसिद्ध व्हावयाचे होते.

भातखंड्यांची स्वरलिपी बंगाली पद्धतीतून निघाली असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु गरज तीच होती. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या मराठी भागांत चिजा ज्या रीतीने छापल्या गेल्या ती आज सर्वत्र परिचित आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर टिंब, एका मात्रेत आलेल्या स्वरांखाली अर्धचंद्र, समेला फुली, कालाला शून्य. पृष्ठावर तालाचे खंड उभ्या रेषांनी वेगळे केलेले असतात आणि वाचणाऱ्याची नजर डावीकडून उजवीकडे मात्रेमात्रेने सरकते.

ह्या पृष्ठात आणि तालखेळाच्या पडद्यात एक महत्त्वाचा फरक आहे. छापील स्वरलिपीत कागद स्थिर असतो आणि लय वाचणाऱ्याने स्वतः आणावयाची असते. हाताने ताल धरून, मनात ठेका चालवून तो त्या घरांतून चालत जातो. विलंबित घ्यावे की मध्य लयीत म्हणावे, कोठे थांबावे, चुकले तर मागे कोठवर यावे, हे त्याच्या स्वाधीन असते. पडद्यावर घरेच चालतात आणि माणूस एका रेषेवर उभा राहून त्यांची वाट पाहतो. लयीचे स्वामित्व माणसाकडून यंत्राकडे जाण्याचा टप्पा येथे आहे. स्वरलिपीच्या जन्माबरोबर तो आलेला नव्हता.

५

पेटीला झालेला विरोध ह्या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० च्या आपल्या इंग्रजी पुस्तिकेत बावीस श्रुतींचा हिशेब मांडला. पेटीच्या बारा ठरीव पट्ट्यांत हिंदुस्थानी स्वर बसत नाहीत, हे त्यांना दाखवावयाचे होते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने त्यांनी प्रयोग केले, ई. क्लेमेंट्स ह्या न्यायाधीशांच्या सहकार्याने श्रुति-हार्मोनियम घडविण्याचा खटाटोपही केला. त्यांचा आक्षेप स्वरस्थानांच्या अचूकपणाविषयी होता.

कोलकात्यातील आक्षेप अधिक व्यापक होता. ज्योतिरिंद्रनाथ पियानोवर सूर वाजवीत आणि तरुण रवींद्रनाथ त्यांवर शब्द बांधीत, हे ठाकूर घराण्याच्या चरित्रातले प्रसिद्ध प्रकरण आहे. तरीही पुढे रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनातून पेटी दूर ठेवली. जानेवारी १९४० मध्ये त्यांनी ऑल इंडिया रेडिओच्या कोलकाता केंद्रातील अशोककुमार सेन ह्यांना पत्र लिहून नभोवाणीवरूनही तिला हद्दपार करावे असे सुचविले. १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटीला बंदी झाली. ती शिथिल होण्यास १९७१ साल उजाडले.

बंदीच्या ह्या तीन दशकांत घडलेली गोष्ट आक्षेपांपेक्षा अधिक शिकविणारी आहे. द्वारकानाथ घोषांचे नातू ज्ञानप्रकाश घोष (मृत्यू १९९७) हे कोलकात्याचे तबलावादक, रचनाकार आणि पेटीवादक. त्यांनी रेडिओच्या कोलकाता केंद्रातही अनेक वर्षे काम केले. ज्या वाद्यावर आजोबांची पेढी उभी होती, त्याच वाद्याला दार बंद असलेल्या संस्थेत नातू संगीत घडवीत होता. ध्वनिक्षेपण गृहाबाहेर मात्र मैफलींतून ज्ञानप्रकाशांची पेटी वाजत राहिली. महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) ह्यांनी भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याची संगत करीत पेटीला तोच दर्जा मिळवून दिला होता.

ह्या वादकांनी पेटीची स्वरस्थाने बदलली नाहीत. पट्टी होती तेथेच राहिली. बदलला तो तिचा वापर. पट्टीवर बोट पडण्याआधी आणि उठल्यानंतर काय होते, भात्यातील हवा किती रोखावयाची आणि किती सोडावयाची, दोन स्वरांच्या मध्ये शेजारच्या पट्टीचा कण किती ओझरता लावला म्हणजे कानाला मींडेचा भास होतो, गायक श्वास घेतो तेथे आपण किती थांबावयाचे, ह्या सर्व गोष्टी त्यांनी प्रयोगाने शोधल्या. त्या कोणत्याही स्वयंशिक्षकात छापलेल्या नव्हत्या. त्या सापडण्यासाठी आधी चुकावे लागते आणि चुकीचा आवाज कानावर पडावा लागतो. पेटी तयार सूर देते हे खरे. पण चुकीची पट्टी दाबली तर चुकीचा सूरही तितक्याच मोकळेपणाने देते. तिच्या यांत्रिकपणात कलेला शिरकाव मिळाला तो ह्या मोकळेपणामुळे.

६

आता तालखेळांकडे वळता येईल. त्यांचा उगम जपानात झाला. १९९६ च्या अखेरीस सोनीच्या प्लेस्टेशनवर ‘पॅरापा द रॅपर’ आला. १९९७ मध्ये कोनामी कंपनीने खेळघरांसाठी ‘बीटमॅनिया’ काढला. त्यात पाच पट्ट्या आणि फिरविण्याची एक तबकडी होती. १९९९ मध्ये त्याच कंपनीने ‘गिटारफ्रीक्स’ आणि ‘ड्रममॅनिया’ आणले. २००१ मध्ये नामको कंपनीने जपानी ताइको नगाऱ्यावर आधारलेला खेळ काढला.

अमेरिकेतील धारा निराळ्या ठिकाणाहून निघाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेले अ‍ॅलेक्स रिगोपुलोस आणि एरन इगोझी ह्यांनी १९९५ मध्ये हार्मोनिक्स ही कंपनी स्थापन केली. ज्यांना वाद्य येत नाही त्यांनाही संगीत निर्माण करण्याचा आनंद मिळावा, हा त्यांचा उद्देश होता. उपेंद्रकिशोरांच्या शीर्षकातील आश्वासनाशी त्याचे नाते उघड आहे. त्यांचे पहिले उत्पादन ‘द अ‍ॅक्स’ हे होते. त्यात संगणकाची दांडी हवी तशी हलवून गाण्यावर एकल वादन करता येई, आणि दांडी कशीही हलविली तरी निघणारे स्वर गाण्याशी जुळतील अशी व्यवस्था संगणक करी. ते फारसे खपले नाही. काहीही केले तरी बरोबरच येते, म्हटल्यावर करणाऱ्याला गोडी उरत नाही.

पुढील खेळांत त्यांनी उलट टोक गाठले. ‘गिटार हीरो’त प्रत्येक क्षणी एकच कृती बरोबर असते. त्या नियमाने जिंकण्याहरण्याची चुरस आणली आणि खेळ अफाट चालला. मालिकेच्या तिसऱ्या खेळाची (२००७) विक्री एक अब्ज डॉलरांवर गेल्याचे प्रकाशक अ‍ॅक्टिव्हिजनने २००९ मध्ये जाहीर केले. हार्मोनिक्सने २००७ मध्ये ‘रॉक बँड’ काढून गिटार, बेस, ड्रम आणि गायन एकत्र आणले. २००९ मध्ये बीटल्सच्या गाण्यांचा स्वतंत्र खेळ निघाला.

‘द अ‍ॅक्स’ आणि ‘गिटार हीरो’ परस्परविरोधी वाटतात, परंतु एका बाबतीत ते सारखे आहेत. पहिल्यात चूक होऊच शकत नाही. दुसऱ्यात चूक होते, पण तिला आवाज नसतो. चुकलेल्या क्षणी गिटार गप्प होते, गुणसंख्या थांबते आणि वारंवार चुकल्यास पडद्यावरील श्रोते नाराजी दाखवितात. आपण काय चुकीचे वाजविले, हे खेळणाऱ्याला ऐकायला मिळत नाही. चुकले एवढेच कळते. निर्णय देणारा कान नसून घड्याळ असते. आघात नेमून दिलेल्या क्षणाच्या किती जवळ पडला, एवढेच ते पाहते. शिवाय ऐकू येणारे संगीत आधीच कोणीतरी वाजवून ठेवलेले असते. पेटीवाल्याचा डावा हात भात्याने स्वरात प्राण भरतो. खेळणाऱ्याचा उजवा हात ध्वनिमुद्रणाला क्षणभर वाट मोकळी करून देतो.

ह्यावरून तालखेळ टाकाऊ ठरत नाहीत. लय अंगी बाणण्यासाठी, गाण्याच्या दाट विणीतून एका वाद्याचा धागा वेगळा ऐकण्यासाठी आणि दोन्ही हातांना निरनिराळी कामे एकाच वेळी करण्याची सवय लागण्यासाठी त्यांचा उपयोग आहे. तबल्याचा विद्यार्थी हात लावण्याआधी बोल तोंडाने म्हणतो, तोही वाद्याविना केलेला वाद्याभ्यासच असतो. भेद असा, की ‘धा’ म्हणणाऱ्याला ध्वनीची कल्पना करावी लागते, तर तांबडा ठिपका कोणत्याही ध्वनीचे स्मरण देत नाही. गाणे बदलले की त्याच खटक्यातून दुसराच स्वर निघतो.

७

ह्या खेळांचा बहर अल्पकाळ टिकला. एकाच वर्षात निघालेल्या अनेक आवृत्त्या, प्लॅस्टिकच्या वाद्यांची किंमत आणि अडचण, तसेच मंदीचा काळ, अशी कारणे दिली जातात आणि ती नाकारता येत नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने ‘गिटार हीरो’चा विभाग बंद केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युबिसॉफ्टने ‘रॉकस्मिथ’ काढला. त्यात खरी विद्युत् गिटार जोडावी लागे. खऱ्या तारेवर बोट चुकले की चुकीचा स्वर ऐकू येतो. सहा वर्षांत खेळ पुन्हा वाद्यापाशी आला, हा क्रम अर्थपूर्ण आहे. त्यानंतरही २०१५ मध्ये ‘गिटार हीरो’ आणि ‘रॉक बँड’ ह्यांच्या नव्या आवृत्त्या आल्या. परंतु पूर्वीचा प्रभाव परत आला नाही.

कोलकात्याच्या इतिहासाशी हा क्रम ताडून पाहता पेटीचे आणि तालखेळाचे भवितव्य का निराळे झाले, ते कळते. दोघांवरील आरोप जवळजवळ एकच होता : यंत्र संगीताला ठरीव घरांत बसविते. पेटीच्या बाबतीत आरोप खरा असूनही वाद्य टिकले, कारण त्या घरांच्या सीमेवर वादकाला काही करून पाहता येत होते आणि जे केले ते त्याच्या स्वतःच्या कानावर पडत होते. स्वरलिपी टिकली, कारण तिने लय वाचणाऱ्याच्या हाती ठेवली आणि मींडेची जागा गुरूसाठी राखली. तालखेळाने लय आणि निर्णय दोन्ही आपल्याकडे घेतले. त्यामुळे त्याच्या उत्तम खेळाडूलाही ठिपक्यांपलीकडे जाण्याची वाट त्या यंत्रात सापडली नाही; जावयाचे झाले तर यंत्र बाजूला ठेवून वाद्य उचलावे लागले.

आज वाद्यशिक्षणाची अनेक साधने भ्रमणध्वनीवर आली आहेत. सूर लागला की नाही हे सांगणारी, ठेका पुरविणारी, दाबावयाची पट्टी उजळून दाखविणारी ही साधने मराठी आणि बंगाली घरांतून सारखीच वापरली जातात. त्यांचे मूल्यमापन करताना यंत्र आले म्हणून शोक करण्याचे कारण नाही. मराठी संगीताने तर यंत्राच्या पट्टीवरूनच आपला षड्ज मोजला आहे. पाहावयाचे ते एवढेच, की शिकणाऱ्याची चूक त्याच्या कानापर्यंत पोहोचते काय आणि ती ऐकून पुढे काय करावयाचे हे त्याला ठरविता येते काय. पाथुरियाघाट्याच्या शाळेपासून ‘क्रमिक पुस्तक मालिके’पर्यंत ज्यांनी संगीत घरांत मांडले, त्यांनी ह्या दोन गोष्टी विद्यार्थ्याकडून काढून घेतल्या नव्हत्या.